जुन्या पजेरोमागे कॅम्पर ट्रेलर: पहिल्यांदाच ओढणाऱ्यांसाठी

मेलबर्नला येऊन चार-पाच वर्षं झाली, मुलं तंबूत झोपायला तयार झाली, की एखाद्या शनिवारी कुणीतरी आपल्याला सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर दाखवतं. उघडला की आत डबल बेड, बाहेर ओढून काढायचा ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, पाण्याची टाकी. बायको ओट्याकडे बघते, मुलं बेडवर उड्या मारतात आणि विकणारा विचारतो, "गाडी कोणती? पजेरो? मग काय, तीन टन ओढते ती!"

हे वाक्य मी स्वतः ऐकलंय आणि त्याच्यावर विसंबून पैसेही मोजलेत. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं समजायला मला एक उन्हाळा लागला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. माझी गाडी 2010 ची, 3.2 लीटर डिझेल, सव्वादोन लाख किलोमीटर झालेली. तुमची प्राडो असो की आणखी काही, आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

आधी वजन, मग ट्रेलर

ट्रेलरच्या दांड्यावर, म्हणजे ड्रॉबारवर, एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर टेअर आणि एटीएम असे दोन आकडे दिसतील. हे एटीएम पैसे देत नाही, उलट खर्चात पाडतं. टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. एटीएम म्हणजे सामानासकट, गाडीपासून सोडवून उभा केलेला ट्रेलर जास्तीत जास्त किती भरावा ती मर्यादा. माझ्या ट्रेलरचं टेअर 1480 आणि एटीएम 2000 किलो. म्हणजे सामानाला 520 किलो मिळतात. वाटतं, भरपूर आहेत.

मग मोजायला बसा. पाण्याची 100 लीटरची टाकी म्हणजे 100 किलो. नऊ-नऊ किलोचे दोन भरलेले गॅस सिलिंडर, टाक्यांसकट चाळिसेक किलो. फ्रिज आणि त्यातला माल सत्तर. पुढे बाहेरचा मांडव, खांब, खुर्च्या, गाद्या, जादा बॅटरी, डिझेलचे कॅन. मराठी घरातली ट्रिप असेल तर कुकर, तवा, पोळपाट आणि "असू दे, लागेल" म्हणून घेतलेली पाच किलो कणीक. मी वजनकाट्यावर नेला तेव्हा ट्रेलर 1910 भरला होता, आणि त्या दिवशी टाकी अर्धीच होती.

आता गाडीची बाजू. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा म्हणजे जीव्हीएम. माझ्या पजेरोची 3030 किलो. पुढचा बुलबार, वरचं कॅरियर, टोबार (ट्रेलर जोडायची मागची लोखंडी चौकट) आणि भरलेली टाकी धरून गाडी काट्यावर 2480 भरली. उरले 550. आम्ही चौघं मिळून 230. उरले 320. इथे सगळ्यांचा पाय घसरतो: ट्रेलरचा दांडा गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे टोबारवरच्या लोखंडी गोळ्यावर, जो भार टाकतो, तो गाडीच्याच खात्यात धरायचा असतो. माझ्याकडे तो 190 किलो निघाला. म्हणजे डिकीत ठेवायला उरले 130. बॅगा, टूलबॉक्स, आइसबॉक्स, झालं. गाडी तीन टन ओढते, पण डिकीत दीडशे किलो ठेवता येत नाहीत, हे पटायला मला दोन वेळा काट्यावर जावं लागलं.

तिसरी मर्यादा जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून. ही ब्रोशरमध्ये सहसा नसते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधा.

सार्वजनिक वजनकाटे शहराबाहेर मिळतात, खर्च फार नसतो. तीन वजनं घ्या. आधी ट्रेलर सोडवून फक्त गाडी. मग ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर. मग ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त ट्रेलरची चाकं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टोबॉलवरचा भार मिळतो. तिसरं वजन म्हणजे जीटीएम. ब्रेकचे नियम त्याच्यावर ठरतात. काट्यावर जाताना सहलीला निघाल्यासारखं सगळं भरून, माणसं बसवून जा. रिकाम्या ट्रेलरचं वजन पट्टीवर लिहिलेलं आहेच.

उलाळ आणि धुरजड

टोबॉलवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार असावा, असं इथे सगळे सांगतात. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. सांगितलं ते आजोळच्या बैलगाडीने. गाडीत मागे जास्त माल भरला की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं. त्याला उलाळ म्हणतात. पुढे जास्त भरला की गाडी धुरजड होते आणि बैलाच्या मानेला रग लागते. जुना गाडीवान चार पोती पुढे-मागे सरकवून तोल साधायचा. ट्रेलरचं नेमकं हेच आहे, फक्त बैलाच्या जागी टोबॉल आहे आणि वेग नव्वदचा आहे.

उलाळ झालेला ट्रेलर वेगात डुलायला लागतो, शेपटी हलवावी तसा. एकदा डुलणं वाढलं की तो गाडीची मागची बाजू आपल्याबरोबर फेकतो. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली. हलकं सामान टोकांना. मागच्या बंपरवर दोन सायकली आणि दोन जेरीकॅन टांगणं दिसायला झकास, पण त्या लांबीवर पन्नास किलोसुद्धा दांडा उचलतात.

धुरजडही नको. पुढे उघडणाऱ्या कॅम्परमध्ये फ्रिजची पेटी, गॅस, कॅन सगळं ड्रॉबारवरच बसवलेलं असतं, त्यामुळे भार पटकन वाढतो. आणि तो गाडीवर जसाच्या तसा पडत नाही. पजेरोच्या दोन एक्सलमधलं अंतर 2.78 मीटर, टोबॉल मागच्या एक्सलच्या मागे साधारण 1.2 मीटर. तरफेचा हिशोब करा: टोबॉलवर 190 किलो ठेवले की मागच्या एक्सलवर 270 च्या आसपास पडतात आणि पुढच्या चाकांवरून 80 उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, जुन्या स्प्रिंगा बसतात.

आता ते उरलेलं अर्धं वाक्य. या पजेरोची ओढण्याची मर्यादा 3000 किलो आहे, बरोबर. पण टोबॉलवरचा भार 2500 किलोपर्यंतच्या ट्रेलरला 250 चालतो, आणि 2500 च्या पुढे गेलात की फक्त 180. तीन टनांचे दहा टक्के 300 होतात, परवानगी 180 ला. म्हणजे खरा तोल साधून ओढायचं तर ही गाडी अडीच टनांची. माझा ट्रेलर दोन टनांचा म्हणून वाचलो, अकलेने नव्हे.

टोबार, त्याची जीभ, टोबॉल, हिच (दांड्याचं बॉलवर बसणारं तोंड) आणि शॅकल (साखळी जोडायची कडी) यांच्यावरही मर्यादा कोरलेल्या असतात. सगळ्यांत छोटा आकडा असेल, तो खरा.

गाडी जुनी आहे, हे विसरू नका

रिकामी असताना झकास चालणारी गाडी दोन टन मागे बांधले की आपली दुखणी सांगायला लागते. निघण्याआधी मेकॅनिकला नुसतं "सर्व्हिस कर" म्हणू नका. टोइंग करणार आहे, असं स्पष्ट सांगा.

पहिली गोष्ट, गरम होणं. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांचे किडे आणि माती बसलेली असते, ती मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायची. कूलंट जुना असेल तर बदला. पंख्याचा व्हिस्कस क्लच तपासून घ्या. तो ढिला झाला की रोजच्या वापरात कळत नाही, घाटात कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याचं तेल बघा. लालसर असायला हवं. काळपट आणि जळका वास असेल तर आधी तेच काम. मी वेगळा ट्रान्समिशन कूलर बसवला, आणि सगळ्या खर्चात तो मला सर्वांत कमी टोचला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मिसळलेलं तेल लांब उतारावर उकळू शकतं आणि पाय पॅडलवर असताना पॅडल मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांहून जुनं असेल तर विचार न करता बदला.

मागच्या स्प्रिंगांची परीक्षा घरीच होते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर आधी ट्रेलरशिवाय मोजा, मग जोडून. मागचा भाग चार-पाच सेंटिमीटरहून जास्त बसत असेल तर दणकट स्प्रिंगा घ्या. पण त्यांनी जीव्हीएम वाढत नाही. दुकानदार काहीही म्हणो, वजनाची परवानगी कागदावर असते, स्प्रिंगेत नसते.

टायरचं सांगून पुढे जातो. ट्रेलरच्या टायरची नक्षी नवीकोरी दिसते, कारण तो वर्षात अकरा महिने अंगणात उभा असतो. पण रबर उन्हाने मरतं. बाजूवर चार आकडे शोधा: 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षीकडे बघू नका. ट्रेलरचं स्टेपनी चाक, आणि ट्रेलरखाली खरोखर बसेल असा जॅक आहे ना, तेही घरीच बघा.

ब्रेक: नियम काय, करायचं काय

ऑस्ट्रेलियात जीटीएम 750 किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतं. त्यावर 2000 पर्यंत किमान एका एक्सलच्या चाकांना ब्रेक लागतात. 2000 च्या पुढे सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागून किमान 15 मिनिटं धरून ठेवणारी ब्रेकअवे यंत्रणा लागते. ढकलल्यावर लागणारे ओव्हरराइड ब्रेक फक्त 2000 पर्यंत चालतात.

बहुतेक कॅम्परना इलेक्ट्रिक ब्रेक असतात, आणि ते चालवायला गाडीत कंट्रोलर लागतो. तुमच्या जुन्या गाडीत तो नसेल. ट्रेलरचे दिवे लागले म्हणजे ब्रेकही लागले, असं धरून चालू नका. मी धरलं होतं. पहिल्या सिग्नलला गाडी झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे जाऊन थांबली, मागून दोन टनांनी ढकलल्यासारखी. प्लग बसवला होता, कंट्रोलरची वायर कुणी जोडलीच नव्हती. ते "कुणी" म्हणजे मीच.

कंट्रोलर लावायचा असा. रिकाम्या, सपाट जागेत ताशी तीसने चालवा. गाडीचा ब्रेक न दाबता कंट्रोलरचं बटण दाबा. ट्रेलरने मागून धरून ओढल्यासारखं वाटायला हवं, पण चाकं घासायला नकोत. काहीच होत नसेल तर वाढवा, चाक अडकत असेल तर कमी करा. भरलेल्या ट्रेलरचा आकडा रिकाम्याला चालत नाही, तेव्हा येताना पुन्हा लावा. ते बटण कुठे आहे हे हाताला न बघता सापडलं पाहिजे. का, ते पुढे येईल.

जोडणी

इथे घाई नको, आणि बोलणं नको. जोडत असताना कुणी "पाणी घेतलं का?" विचारलं की एक पायरी सुटते.

हिच बॉलवर बसली की नुसती कडी लावून थांबू नका. जॉकी व्हील, म्हणजे पुढचं टेकू-चाक, फिरवून दांडा थोडा वर उचलायचा प्रयत्न करा. गाडीची मागची बाजूही उचलली जात असेल तर हिच खरी बसली. डीओ-35 सारखी ऑफरोड हिच असेल तर तिची पिन शेवटपर्यंत आत गेलीय ना, बोटाने चाचपा. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे हिच सुटली तर दांडा रस्त्यावर न पडता त्या झोळीत अडकतो. एटीएम 2500 पर्यंत एक साखळी नियमात बसते, त्यापुढे दोन. दोनच लावा. शॅकल वजनाचा आकडा कोरलेलेच घ्या.

मग प्लग, ट्रेलरचा हँडब्रेक सोडणं, जॉकी व्हील पूर्ण वर करून बाजूला वळवणं, मागचे टेकू वर, गॅस बंद, पेट्यांना कुलपं. दिवे एकाने दाबायचे, एकाने बघायचे. पजेरोवाल्यांना एक खास सूचना: आपला मागचा दरवाजा बाजूला उघडतो, वर नाही. जॉकी व्हील उभं राहिलं तर दरवाजा त्याला धडकतो. दुधाची बाटली डिकीत आणि पोरगं रडतंय, अशा वेळी हा शोध लागू नये.

व्हिक्टोरियात शिकाऊ आणि लाल पी-प्लेटवाल्यांना, म्हणजे नव्या लायसन्सवाल्यांना, कामधंद्याचे अपवाद सोडले, तर ट्रेलर ओढता येत नाही. घरातल्या अठरा वर्षांच्या उत्साही मुलाला हे आधीच सांगा.

रस्त्यावर: मेलबर्न ते हॉल्स गॅप

पहिली मोठी सहल म्हणून मी ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांची सुचवतो. वेस्टर्न फ्रीवेने बॅलरॅट, अरारॅटवरून हॉल्स गॅप, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता चांगला, आणि शिकवणारी एकच मोठी चढण.

निघाल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरमध्ये थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे, चाक काढून बसवलं असेल तर नक्कीच. बॅकस मार्श त्यासाठी बरोबर जागी येतं. तिथे थांबलात की आणखी एक करा. खाली वाका आणि तळव्याची मागची बाजू ट्रेलरच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळ, न्या, मग हळूच टेकवा. कोमट असेल तर ठीक. ब्रेक वापरले असतील तर थोडं जास्त ऊन लागेल. दोन्ही बाजू सारख्या लागायला हव्यात. एका हबवर हात ठेववत नसेल, कडेने ग्रीस चाकावर उडालेलं दिसत असेल, तर बेअरिंग चाललंय. पुढे जाऊ नका. बेअरिंगमध्ये वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला नवं ग्रीस भरायचं असतं, आणि सेकंडहँड ट्रेलरवाल्याने भरलं असेल असं समजायचं नसतं.

बॅकस मार्शच्या पुढे पेंटलंड हिल्सची चढण. इथे वेग कमी होणार, होऊ द्या. डावी लेन, आधीच एक गिअर खाली, इंजिन थोडं मोकळं फिरू द्या. पाय दाबून वरच्या गिअरमध्ये रेटत राहिलात की टॉर्क कन्व्हर्टर घसरतो आणि तेल तापतं. तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद. आणखी चढला तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवा, आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. परतीच्या उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत टेकवून ठेवू नका.

फ्रीवेवर पाटी 110 ची असेल. मी 90 ते 95 ने जातो. मागचे वैतागतात, ओव्हरटेक करून जातात. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी हवेने बाहेर ढकलतो, मग आत ओढतो; स्टिअरिंग घट्ट न आवळता सरळ धरा. गाडी आणि ट्रेलर मिळून 7.5 मीटरहून लांब झालात की तुम्ही कायद्याने लांब वाहन. वस्तीबाहेरच्या एकेरी लेनच्या रस्त्यावर दुसऱ्या लांब वाहनाच्या मागे किमान 60 मीटर राहायचं, रोड ट्रेनच्या, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणाऱ्या लांबलचक ट्रकांच्या, भागात 200.

आणि डुलायला लागला तर? ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवायचा नाही, स्टिअरिंगने उलटं सावरायला जायचं नाही. पाय उचला, चाक सरळ धरा, आणि ते कंट्रोलरचं बटण हलकं दाबा. ट्रेलरचे एकट्याचे ब्रेक लागले की तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. मग थांबून सामान बदला, कारण दोष बहुतेक वेळा आत भरलेल्या सामानाचाच असतो.

संध्याकाळच्या आत पोहोचा. हॉल्स गॅपच्या आसपास कांगारू दिवे लागणीलाच रस्त्यावर येतात. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. त्याला वाचवायला गाडी वळवलीत तर ट्रेलर वळत नाही, उलटतो.

रिव्हर्स

उसाच्या हंगामात कारखान्याच्या आवारात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागे घेणारा ड्रायव्हर बघितला असेल, तर त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. आपल्याला एकच ट्रॉली आहे, तरी घाम फुटतो. शिवाय आखूड ट्रेलर लांब कॅरव्हॅनपेक्षा झटकन दुमडतो.

हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे हवी तर हात डावीकडे, उजवीकडे हवी तर उजवीकडे. इंचभरच. ट्रेलर वळायला लागला की लगेच हात उलट नेऊन त्याच्या मागे जा. कोन वाढला की सुधारत बसू नका, पुढे जाऊन सरळ करून पुन्हा या. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास सराव केलात तर कॅम्पसाइटवर प्रेक्षक गोळा होणार नाहीत.

मागे उभ्या राहणाऱ्या माणसाने आरशात दिसत राहायचं. आमच्याकडे "डावीकडे घ्या हो!" यावर दोन सहली भांडणात गेल्या, कारण तिची डावी की माझी, ट्रेलरची की गाडीची, हे ठरलंच नव्हतं. आता शब्द बदललेत: "झाडाकडे", "नळाकडे". भांडण मिटलं.

जागेवर लागला की सोडवायचा क्रम जोडण्याच्या उलट, एक फरक सोडून. सगळ्यात आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावा, मग हँडब्रेक ओढा. जॉकी व्हील खाली टेकवा, प्लग काढा, हिच उघडा आणि साखळ्या तशाच ठेवून गाडी वीतभर पुढे घ्या. ट्रेलर जागचा हलला नाही, की मग साखळ्या सोडा.